मदत हवी आहे: गल्लीच्या अलर्ट ग्रुपसाठी माणसं पारखायची कशी?

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा नदीचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका हे इथं पोराबाळांनाही पाठ आहे, तरी २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा शेजारच्या एकट्या आजींना कुणी कळवलंच नाही, रात्री दोनला टायरच्या ट्यूबवर बसवून बाहेर काढलं त्यांना, हातात फक्त औषधाची पिशवी. ते डोळ्यासमोरनं जात नाही.

म्हणून पूर आणि चोऱ्या दोन्हीसाठी अलर्ट ग्रुप करतोय. नावं भरपूर आलीत, पण कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोण कुलूप लावून गावाला गेलंय ही यादी ह्यांच्या हातात जाणार ना, भीती तीच वाटते. पोलिसांकडनं चारित्र्य पडताळणी सगळ्यांचीच मागावी का? लहानपणापासूनची ओळख असलेले लोक नाराज होतील. आणि एकानं परवाच धरण फुटल्याचा जुना व्हिडिओ न बघताच फॉरवर्ड केला, निम्मी गल्ली सामान बांधायला लागली, असल्याला घ्यावं का?

तुमच्याकडं कुणी असं केलं असेल तर काय विचारलं, यादी कुणाकडं ठेवली, जरा सविस्तर सांगा. पावसाळ्याआधी करायचंय.