खुकरीचे कॅप्टन मुल्ला स्वतः का नाही वाचले?

दिवाळीत दीवला गेलो होतो, तिथे टेकाडावर काचेच्या पेटीत खुकरीचं, म्हणजे १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आपल्या नौदलाच्या जहाजाचं, मॉडेल आहे, समोर समुद्र, बघून पोटात कालवलं. पण कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांना उडी मारता आली असती ना? जहाजाबरोबर बुडायचा नियम वगैरे असतो का?

खारावारा: नियम बियम काही नाही हो. ९ डिसेंबर १९७१, रात्री पावणेनऊच्या सुमारास पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि जहाज मिनिटांत खाली गेलं, तेवढ्या वेळात ते माणसं बाहेर काढत राहिले, स्वतःचं लाइफ जॅकेट पण एका नौसैनिकाला देऊन टाकलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

कुलाबेकर: त्यात खुकरी पाणबुडी शोधायलाच निघालेली, सोबत किरपाण ही दुसरी युद्धनौका होती. डॅफ्नी क्लासची (म्हणजे त्या प्रकारची) हंगोर फ्रेंच बनावटीची, आपल्या सोनारपेक्षा (पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रणा) तिला लांबून ऐकू येत होतं, त्यामुळे शिकारीचीच शिकार झाली. मला विचाराल तर शौर्याबरोबर हे पण बोललं पाहिजे, नुसतं हार घालून काय होणार?

मूळ प्रश्नकर्ता: धन्यवाद दोघांना. तिथे शेजारीच त्याच नावाची नंतरची खुकरी युद्धनौका पण ठेवलीय म्हणे, २०२२ मध्ये दीवला दिलेली?

खारावारा: हो, ती आपल्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. पुढच्या वेळी सोडू नका.