कॉलरबोन मोडून दहा आठवडे झाले, गंगापूर रोडला परत कधी आणि कसा जाऊ? (आणि वाटेतल्या त्या कोरीव दगडांबद्दल पण विचारायचंय)

गोदाकाठ_सायकल

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, वय ४४, हायब्रीड सायकल, रेस वगैरे काही नाही, आठवड्यात तीन दिवस सकाळी गंगापूर धरणापर्यंत आणि रविवारी जमलं तर गिरणारे, एवढंच माझं सायकलिंग पण गेली सहा वर्षं त्याच्याशिवाय आठवडा गेला नाही.

जानेवारीत सकाळी सव्वासहाला, थंडी मरणाची, एका वळणावर रस्त्यात खडी सांडलेली होती, ती अंधारात दिसलीच नाही आणि पुढचं चाक सरकलं. सरळ उजव्या खांद्यावर पडलो. एक दूधवाले दादा थांबले, त्यांनी किटल्या बाजूला सरकवून सायकल गाडीत टाकली आणि मला घरी सोडलं, नाव विचारायचं पण राहिलं. एक्सरेत उजवा कॉलरबोन मधोमध मोडलेला. तुकडे फार सरकलेले नव्हते म्हणून ऑपरेशन नाही, झोळी दिली साडेचार आठवडे. आता दहा आठवडे झालेत. मागच्या एक्सरेत हाड चांगलं धरलंय म्हणाले आणि "हळूहळू सायकल चालू करा" एवढंच सांगितलं. आता हळूहळू म्हणजे काय?

घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) बसतो तर वीस मिनिटांत मान आणि खांद्याच्या मधला भाग भरून येतो. हाडावर एक टेंगूळ आलंय ते हाताला लागतं. आणि खरं सांगायचं तर बाहेर नेलेली नाही कारण खडी दिसली की पोटात गोळा येतो, चालताना सुद्धा.

जूनमध्ये पंढरपूरची सायकल वारी आहे, सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर, मागच्या दोन वर्षी केली होती, यंदा आईला सांगून ठेवलंय की तिच्या नावाने जाणार. जमेल का?

दुसरा प्रश्न वेगळाच आहे. सायकल बंद म्हणून आमचे मेहुणे मला गाडीतून त्यांच्या शेतावर घेऊन गेले, तिथे गावातल्या मारुतीच्या पाराला टेकवून चार-पाच कोरीव दगड उभे आहेत, शेंदूर लावलेले. माणसं लढतायत, वर बायका कुणाला तरी उचलून नेतायत असं काहीतरी. मी त्या पारावरून सायकलने पन्नास वेळा तरी गेलो असेन आणि कधी बघितले नव्हते. गावात विचारलं तर "देव आहेत" म्हणाले. काय असतात ते?

---

खांदेदुरुस्ती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकल पण चालवते. तुमचा एक्सरे मी बघितलेला नाही त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांना दाखवून मगच करा.

टेंगूळ आधी, कारण त्याचीच सगळ्यांना भीती वाटते. हाड जुळताना मोडलेल्या जागी नवीन हाडाचा गोळा तयार होतो, ते टेंगूळ म्हणजे तेच. पुढचे बरेच महिने ते झिजत बसतं, थोडंसं कायम राहिलं तरी चालतं. मोठ्या माणसात हे हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणजे तुम्ही शेवटच्या टप्प्यात आहात, पण पूर्ण ताकद यायला त्याच्यापुढे अजून वेळ जातो.

मान आणि खांद्याच्या मधे भरून येतं ते हाडाचं दुखणं नाही. साडेचार आठवडे हात झोळीत होता, पाठीवरचं फरं धरून ठेवणारे स्नायू झोपलेत आणि त्यांचं काम वरचा एकच स्नायू करतोय, मग तो वीस मिनिटांत ओरडणारच. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात वर सरकवणं, फरं मागे आवळून पाच आकडे धरणं, मग भिंतीवर पुशअप आणि ते सोपं झालं की टेबलावर, असं करा. रोज. कंटाळवाणं आहे पण हेच लागतं.

आणि ट्रेनरवर जास्त दुखतं यात नवल नाही. रस्त्यावर आपण नकळत हात बदलतो, उठतो, वळतो, ट्रेनरवर माणूस पुतळ्यासारखा हातांवर वजन टाकून बसतो. पंधरा मिनिटं झाली की सरळ होऊन बसा, हात सोडा, परत धरा.

बाहेर कधी? मी पेशंटला तारीख सांगत नाही, या गोष्टी करून दाखवायला सांगते. हात डोक्यावर पूर्ण जातो का, दुसऱ्या हाताएवढाच. टेबलावर दहा पुशअप न दुखता होतात का. आणि उभ्या सायकलवर जोरात ब्रेक दाबून शरीराचं वजन पुढे आलं तर खांदा ते धरतो का. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि तुमचा उजवाच खांदा आहे, त्यामुळे ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मोडलेल्या जागी हाड हलल्यासारखं वाटलं, कट असा आवाज आला, बोटांना मुंग्या आल्या किंवा रात्री दुखणं वाढत गेलं तर सायकल ठेवून द्यायची आणि डॉक्टरांकडे जायचं. सिगारेट ओढत असाल तर ती बंद, हाड जुळायला ती खरोखर उशीर लावते.

पाठीवर सॅक नको, पट्टा बरोबर त्या हाडावर येतो. पाणी, पंक्चरचं सामान सगळं सीटखालच्या पिशवीत. कार चालवताना सुद्धा बघा, आपल्याकडे ड्रायव्हरचा बेल्ट उजव्या खांद्यावरून येतो, लांबच्या प्रवासात काही दिवस दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवू द्या आणि तुम्ही डावीकडे बसा.

वारीचं मी आत्ता हो म्हणणार नाही. एक दिवस शंभर किलोमीटर आणि लागोपाठ तीन दिवस शंभर यात खांद्याच्या दृष्टीने फार फरक आहे.

---

जुना_हर्क्युलस

भाऊ, मी ६७ वर्षांचा आहे आणि माझा कॉलरबोन दोनदा मोडलाय, एकदा शाळेत आणि एकदा ५९ व्या वर्षी. दुसऱ्यांदा मला साडेतीन महिने लागले. तेव्हा पहिलं, हेल्मेट. खांद्यावर पडलात म्हणता पण डोकं टेकलं असेल तर आतला फोम दबलेला असतो, वरून काही दिसत नाही. ते हेल्मेट परत घालू नका, नवीन घ्या. दुसरं, हँडल एक इंच वर करून घ्या दुकानातून आणि टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, एकदम दगडासारखी नको. सीटचं नाक खाली झुकवू नका, बरं वाटेल म्हणून लोक तेच करतात आणि सगळं वजन घसरून हातावर येतं.

आता रस्ता. ताईंनी पंधरा मिनिटांनी हात सोडा म्हटलंय ना, तर मी तुम्हाला थांबे सांगतो, म्हणजे थांबायचा कंटाळा येणार नाही. मी पण माझ्या वेळेला असंच केलं होतं.

पहिले दोन आठवडे गंगापूर रोडला जाऊच नका. रविवारी पहाटे गावात चालवा, गर्दी नसते आणि स्पीड आपोआप कमी राहतो. नदीकाठी या. पंचवटीतलं नारोशंकराचं मंदिर, १७४७ चं, त्याच्या दर्शनी तटावर ती मोठी घंटा आहे बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हाची पोर्तुगीज घंटा म्हणून ती ओळखली जाते. तिथे उतरा, खांदा फिरवा. मग खाली नदीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. बाहेरगावच्यांना हे माहीत नसतं, पण नाशिकमध्ये पूर किती आला हे आम्ही मारुतीवर मोजतो, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. धरणातून विसर्ग किती सोडला याचे आकडे फोनवर येतात पण माणसं एकमेकांना विचारतात ते मारुतीचंच. १९६९ चा पूर मी लहानपणी बघितलाय वडिलांचा हात धरून, आणि २०१६ च्या ऑगस्टचा सुद्धा, तेव्हा नातीला घेऊन पुलावर उभा होतो.

तिथलं जमलं की मग गंगापूर रोड. पहिला थांबा आनंदवल्ली, नवश्या गणपती. पुढे सोमेश्वर, सीबीएसपासून (मध्यवर्ती बसस्थानक) सात-आठ किलोमीटर होतं. मग गंगापूर गाव आणि धरण. आता यात एक गोष्ट सांगतो. आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून. आणि पुढे गंगापूरला राहायच्या गोपिकाबाई, माधवराव आणि नारायणराव पेशव्यांच्या आई. १७७३ ला नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला त्यात नाव आलं राघोबा-आनंदीबाईंचं. आणि ज्या बाईचा मुलगा गेला तिचं गाव आणि जिच्यावर आळ आला तिच्या नावाचं गाव, दोन्ही एकाच रस्त्यावर, सायकलने वीस मिनिटांच्या अंतरात. मी चाळीस वर्षं त्या रस्त्याने जातो आणि दर वेळेला सोमेश्वर मागे पडलं की मला हे आठवतं.

पांडवलेणी आत्ताच नको, लेणी फार सुंदर आहेत पण तिथे जायला हायवे लागतो आणि मागून ट्रक आला तर तुमचा खांदा आखडेल. नांदूर मधमेश्वर पण आत्ता नाही, पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. २०२० च्या जानेवारीत त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलं. थंडीत जाऊ सगळे मिळून.

---

निफाडची_लेक

दगडांबद्दल मी सांगते, इतिहासाची शिक्षिका आहे आणि हा माझा आवडीचा विषय. ते वीरगळ आहेत. कुणी लढताना मेला की गावाने त्याच्या आठवणीला उभा केलेला दगड. खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत तो मेलेला दिसतो किंवा लढाई असते, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, तुम्ही म्हणताय त्या उचलून नेणाऱ्या बायका त्याच. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि टोकाला सूर्य-चंद्र कोरलेले, म्हणजे सूर्य-चंद्र आहेत तोवर याचं नाव राहो.

खालच्या चौकटीत गाई आहेत का ते नीट बघा. असतील तर तो माणूस गावाची गुरं चोरून नेणाऱ्यांशी लढताना मेला. राजाच्या लढाया आपण पुस्तकात वाचतो, हा मात्र त्याच गावचा कुणीतरी, आणि दगडावर बहुतेक वेळा नाव सुद्धा नसतं. गावातले "देव आहेत" म्हणतात ते काही चूक नाही, शेंदूर लावला म्हणूनच ते टिकले, नाहीतर पायरीला किंवा बांधाला गेले असते. शेंदूर खरवडायचा प्रयत्न करू नका आणि दगड हलवू पण नका प्लीज, फक्त सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, दुपारी कोरीवकाम सपाट दिसतं.

आणि एक, बाजूला असा एखादा दगड आहे का ज्यावर फक्त कोपरात वाकलेला हात आहे, बांगड्या घातलेला? असला तर सांगा.

---

रोज_पन्नास

मी जरा वेगळं बोलतो. मागच्या वर्षी माझं पण हेच हाड, प्लेट टाकली होती, अकराव्या आठवड्यात बाहेर आणि साडेचार महिन्यांत वारी केली. त्यामुळे जमेल, मनाची तयारी पाहिजे. आपल्याच नाशिकचे महाजन बंधू, दोघं डॉक्टर, २०१५ ला अमेरिका आडवी पार करायची रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण करून आले, जवळजवळ ४८०० किलोमीटर. आपण सव्वातीनशेला घाबरायचं?

---

खांदेदुरुस्ती

रोज_पन्नास, तुम्हाला प्लेट होती, यांना नाही, दोन्हीची तुलना करू नका. आणि महाजन बंधूंनी त्याच्यामागे किती तयारी केली होती ते पण सांगा ना. मन लागतंच, पण हाडाला मन नसतं. माझ्याकडे एक पेशंट आठव्या आठवड्यात ग्रुपबरोबर गेला, परत पडला आणि मग ऑपरेशनच करावं लागलं. मे अखेरीला लागोपाठ दोन दिवस साठ-साठ किलोमीटर करून बघा, तिसऱ्या दिवशी सकाळी हात डोक्यावर गेला तर आपण बोलू.

---

रोज_पन्नास

बरोबर आहे ताई, मी घाई केली. ते दोन दिवस साठ-साठचं मला पण कुणीतरी सांगायला हवं होतं, वारीत तिसऱ्या दिवशी टेंभुर्णीच्या पुढे मला हँडल धरवत नव्हतं ते मी कुणाला बोललो नव्हतो.

---

गोदाकाठ_सायकल

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे मनापासून आभार. हेल्मेट उलटं करून बघितलं तर आतून चीर होती, नवीन घेतलं. पुशअप भिंतीवरून टेबलावर आले, आठ होतात, नववीला थरथरतो. हँडल वर केलंय.

दोन रविवार गावात चालवली. काका, घंटेपाशी उतरलो, मारुतीपाशी उतरलो, चहा घेतला, बारा किलोमीटरला पावणेदोन तास लागले आणि खांदा भरून आला नाही. या बुधवारी पहिल्यांदा गंगापूर रोडला गेलो, फक्त सोमेश्वरपर्यंत. पडलो त्या वळणावर उतरून पायी गेलो, खडी आता नाहीये पण हात घट्ट होत होते. परत येताना चालवत आलो. आनंदवल्लीच्या पाटीकडे बघून गोपिकाबाईंचं आठवलं, काका.

आईला सांगितलं की वारीचं मे अखेरीला ठरवू. ती म्हणाली विठोबा कुठे जात नाहीये, तू आधी डब्याचं झाकण उघडून दाखव.

आणि निफाडच्या ताई, मी काल मेहुण्यांबरोबर मुद्दाम सकाळी सातला गेलो. गाई आहेत. तीन, एकापुढे एक, शिंगं स्पष्ट दिसतायत. आणि पाराच्या मागच्या बाजूला, निम्मा मातीत गेलेला, हाताचा दगड पण आहे, बांगड्या मोजता येतात. त्या हाताबद्दल सांगा ना, तो कुणाचा?

---

निफाडची_लेक

तो सतीचा दगड. बांगड्या म्हणजे सौभाग्य, ती सती गेली म्हणून कोरलेला हात. दोन्ही दगड एकाच काळातले असतील तर बहुधा त्या गाईंमागे गेलेल्याची बायको, पण फोटो बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. रविवारी मी निफाडहून येते, गावाचं नाव मेसेजमध्ये कळवा. तुम्ही गाडीनेच या, तेवढं अंतर सायकलने अजून नको.