पेंड कमी करून लायसिन-मेथिओनिन: थोडंसं चालतं

ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात सोया पेंड महाग पडते म्हणून ती कमी करून वरून लायसिन-मेथिओनिन (प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं) टाकलं तर चालेल का, असं एका दादांनी विचारलंय. चालतं, पण बेतानं. मका-सोयाच्या खाद्यात पहिली कमतरता मेथिओनिनची, मग लायसिनची, तिसरी थ्रिओनिनची, तेही असंच अमिनो आम्ल. पहिली दोन भरली आणि थ्रिओनिन राहिलं, तर वाढ तिथंच अडते. हिशेब पचणाऱ्या लायसिनला 100 धरून करा: मेथिओनिन आणि त्याच्या जोडीनं मोजायचं सिस्टिन मिळून साधारण 75, थ्रिओनिन 65 च्या आसपास.

पोत्यावर लायसिन एचसीएल असेल तर त्यात खरं लायसिन 78 टक्के, बाकी बहुतेक क्लोराईड. मिठातही क्लोराईड असतं, म्हणून लायसिन एचसीएल वाढवलं की मीठ थोडं उतरवून सोडियमसाठी खायचा सोडा घालावा लागतो. हे दुकानदार सांगत नाही! गणित जमलं तर विष्ठेतला नत्र घटतो, शेडमध्ये अमोनियाही कमी.

सांगलीतल्या विट्याकडं कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर मात्र खाद्य कंपनीचंच येतं, त्यात हे आधीच मोजून घातलेलं असतं. वरून पाण्यातून टॉनिक कशाला? घरी खाद्य दळणाऱ्यांनी आधी पेंडीचा नमुना तपासून घ्यावा.