यादवीनंतर रहिवाशांकडून निष्ठेची शपथ घेणे कितपत न्याय्य?

दाणाओळीकर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या इतिहास अभ्यासमंडळात गेल्या रविवारी अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर व्याख्यान झाले. जिंकलेल्या संघराज्याने (उत्तरेने) गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून गेलेल्या आणि हरलेल्या दक्षिणेतील रहिवाशांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या हे योग्यच होते, उलट त्या पुरेशा कठोरपणे राबवल्या नाहीत हीच चूक झाली, असे वक्त्यांचे म्हणणे होते. नंतर यावर बराच वाद झाला आणि तो अर्धवट राहिला, म्हणून हा विषय इथे मांडत आहे. वक्त्यांचे मत मला मान्य नाही.

त्या काळात दोन प्रकारच्या शपथा होत्या आणि व्याख्यानात त्या एकाच मापाने मोजल्या गेल्या. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ८ डिसेंबर १८६३ च्या जाहीरनाम्यात जी शपथ सांगितली ती पुढच्या वर्तनाची होती: यापुढे मी राज्यघटनेशी आणि संघराज्याशी एकनिष्ठ राहीन आणि गुलामांच्या मुक्तीसंबंधीचे कायदे व जाहीरनामे पाळीन. बंडखोर सरकारातील आणि सैन्यातील वरिष्ठ अधिकारी वगळता बाकीच्यांना ती घेऊन माफी मिळत होती, आणि एखाद्या राज्यात १८६० च्या मतदारांपैकी दहा टक्के लोकांनी ती घेतली की तिथे नवे सरकार उभे करता येत होते. दुसरी शपथ काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) २ जुलै १८६२ च्या कायद्याने सरकारी अधिकाऱ्यांसाठी आणली. तिच्यात, मी आजवर कधीही स्वेच्छेने संघराज्याविरुद्ध शस्त्र धरलेले नाही आणि शस्त्र धरणाऱ्यांना मदत केलेली नाही, असे सांगावे लागे. १८६५ च्या जानेवारीत हीच अट संघराज्याच्या न्यायालयांतील वकिलांनाही लागू झाली.

माझा आक्षेप या दुसऱ्या प्रकाराला आहे, आणि तो किती टोकाला जाऊ शकतो हे मिसुरी राज्यात दिसले. (मिसुरी संघराज्यातून फुटलेच नव्हते, मात्र तिथे शेजारी शेजाऱ्याशी लढला होता.) तिथल्या १८६५ च्या नव्या राज्यघटनेने मतदार, वकील, शिक्षक आणि धर्मोपदेशक या सर्वांना भूतकाळाची शपथ सक्तीची केली. त्या एका शपथेत तीसेक वेगवेगळी विधाने कोंबलेली होती आणि त्यांत बंडखोरांविषयी शब्दाने किंवा कृतीने सहानुभूती दाखवली नाही, हेही एक होते. जॉन कमिंग्ज नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने शपथ न घेता प्रवचन केले म्हणून त्याला ५०० डॉलर दंड झाला, आणि दंड भरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याचा हुकूम निघाला. १८६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शपथ पाच विरुद्ध चार मतांनी रद्द ठरवली. न्यायमूर्ती फील्ड यांनी दिलेले कारण मला निर्णायक वाटते. कायदेमंडळाने खटल्याशिवाय शिक्षा सुनावली, आणि तीही घडताना गुन्हा नसलेल्या गोष्टींसाठी. इथे आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, न्यायाधीश नाही. माणसाने स्वतःच स्वतःविरुद्ध निकाल द्यायचा.

शिवाय खोटे बोलणारा अशा शपथेतून सहज सुटतो आणि प्रामाणिक माणूस अडकतो. फ्रान्सिस ब्लेअर हे संघराज्याच्या बाजूने लढलेले सेनापती. त्यांनी मिसुरीत ही शपथ घ्यायला नकार दिला आणि त्यांनाच मतदान करू दिले गेले नाही. ज्या कायद्याने आपल्याच बाजूचा सेनापती मतदानकेंद्रावरून परत पाठवला, तो निष्ठा तपासत होता असे मला म्हणवत नाही.

मुरारकर

दाणाओळीकर साहेब, आपण कायद्याची बाजू नेटकी मांडली आहे, पण या साऱ्या मांडणीत ज्यांच्यासाठी ही यादवी निर्णायक ठरली ते सुमारे ४० लाख गुलाम कुठेच दिसत नाहीत. कमिंग्ज यांचा दंड दिसतो, ब्लेअर यांचे हुकलेले मत दिसते. शपथा सैल सोडल्यावर त्या मुक्त झालेल्या माणसांचे काय झाले, हे आधी पाहू.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मे १८६५ मध्ये सौम्य शपथेवर माफी जाहीर केली. त्यांनी चौदा वर्ग वगळले होते, त्यांत २०,००० डॉलरहून अधिक मालमत्ता असलेले बंडखोरही होते, पण अशांनाही व्यक्तिगत अर्जावर त्यांनी सढळ हाताने माफी वाटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीच्या कायदेमंडळाने असा कायदा केला, की मुक्त झालेल्या प्रत्येक कृष्णवर्णीयाकडे दर जानेवारीत कामाचा किंवा राहत्या ठिकाणाचा लेखी पुरावा हवा. ज्याच्याकडे काम नसेल त्याला भटका ठरवून दंड करायचा, आणि दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीसाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे. गुलामगिरी कागदावर संपल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत हे घडले, आणि हे करणारे लोक सौम्य शपथेवर परत आलेलेच होते. जॉर्जियाने तर बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनाच सिनेटवर निवडून पाठवले.

न्यू ऑर्लिन्सचे उदाहरण याहून बोलके आहे. संघराज्याचे जनरल बटलर यांनी १८६२ मध्ये शहर ताब्यात घेतले तेव्हा महापौर जॉन मन्रो यांना अटक केली होती. हेच मन्रो १८६६ मध्ये पुन्हा महापौर झाले. त्या वर्षी ३० जुलैला कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा म्हणून भरलेल्या अधिवेशनावर जमावाने हल्ला केला, आणि त्या हल्ल्यात मन्रो यांचे पोलीस सामील होते. तीसहून अधिक कृष्णवर्णीय मारले गेले. आपण म्हणता भूतकाळ विचारू नका. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांच्यासाठी त्या महापौराचा भूतकाळ हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता.

निकालाविषयीही एक सांगतो. चार न्यायमूर्ती विरोधात होते, आणि मिलर यांनी त्यांच्या वतीने लिहिले, की व्यवसायासाठी पात्रता ठरवणे ही शिक्षा नव्हे. तो युक्तिवाद इतक्या सहजी बाजूला सारता येणार नाही.

शिंदेछावणीतली

दोघांचेही वाचले. तुम्ही दोघेही अधिकाऱ्यांबद्दल, वकिलांबद्दल आणि महापौरांबद्दल बोलत आहात. मूळ प्रश्न रहिवाशांचा होता. बंडखोरांची राजधानी रिचमंड पडल्यावर, एप्रिल १८६५ मध्ये, संघराज्याचे जनरल हॅलेक यांनी हुकूम काढला होता, की वधू आणि वर दोघांनीही निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय विवाहाचा परवाना मिळणार नाही, आणि लग्न लावणाऱ्या धर्मोपदेशकानेही आधी ती शपथ घेतलेली असली पाहिजे. वीस वर्षांच्या एखाद्या मुलीला, जिला मताधिकार नव्हता, सरकारात स्थान नव्हते, जिला युद्ध करायचे की नाही हे कुणी विचारले नव्हते, तिला लग्नासाठी राज्यसत्तेसमोर हात वर करायला लावण्यात कोणती सुरक्षितता साधली? ही शपथ पुढच्या वर्तनाची होती, म्हणजे दाणाओळीकर दादांच्या हिशेबात चांगल्या प्रकारची. मला ती चांगली वाटत नाही. ज्याच्या हातात सत्ता किंवा हत्यार येणार आहे त्याच्याकडून वचन घ्या. ज्याला फक्त संसार मांडायचा आहे त्याच्याकडून घेऊ नका.

दाणाओळीकर

ताई, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो माझ्या मांडणीत यायला हवा असा आहे. मुरारकरांना मात्र मी आपल्याच गावाकडे बघायला सांगेन.

१ जून १८५८ रोजी जयाजीराव शिंद्यांचे सैन्य मुरारजवळ नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांना सामोरे गेले आणि तिथेच बहुतांशी त्यांच्या बाजूला वळले. महाराज आग्र्याला गेले. ३ तारखेला फुलबागेत दरबार भरला, शिंद्यांच्या खजिन्यातून सैनिकांना पगार वाटला गेला. १७ तारखेला राणी धारातीर्थी पडल्या आणि १९ तारखेला इंग्रज सेनापती ह्यू रोज यांच्या फौजा लष्करात शिरल्या. त्या अठरा-एकोणीस दिवसांत लष्करात राहणाऱ्या माणसाने काय करायचे होते? ज्या व्यापाऱ्याने त्या सैनिकांना ज्वारी-बाजरी विकली, ज्या शिंप्याने अंगरखे शिवले, ज्या घराने आपल्याच नात्यातल्या शिलेदाराला रात्री जेवू घातले, त्यांच्यापैकी कोण मिसुरीची ती तीस विधाने प्रामाणिकपणे उच्चारू शकला असता? अख्खे लष्कर अपात्र ठरले असते.

आणि इंग्रजांनी तरी काय केले? १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात खुनात प्रत्यक्ष सामील असलेल्यांना माफी नव्हती; बंडाच्या पुढाऱ्यांना आणि खुन्यांना जाणूनबुजून आसरा देणाऱ्यांना फक्त जीवदान होते. शस्त्र धरलेल्या बाकीच्यांना एकच अट घातली होती: १ जानेवारीपूर्वी घरी परता आणि आपापल्या कामधंद्याला लागा. भूतकाळाची शपथ मागितली नव्हती. इंग्रजांचे मी मुळीच कौतुक करत नाही. त्यांनी गावेच्या गावे जाळली आणि झाडांना माणसे टांगली. पण इतके करूनही सर्वसामान्य रहिवाशाला तू तेव्हा कोणाच्या बाजूने होतास हे त्यांनी शपथेवर विचारले नाही, कारण त्या प्रश्नाला अंत नाही हे त्यांना कळत होते.

तात्या टोपे यांच्यावर शिवपुरीला खटला चालला तेव्हा, मी जे केले ते धन्याच्या हुकमाने केले, असे त्यांनी सांगितले. १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना फाशी झाली. निष्ठा कोणाशी, हे ज्या काळात खुद्द सेनापतीलाही एका वाक्यात सांगावे लागले आणि तरी ते ऐकले गेले नाही, त्या काळात रहिवाशाकडून त्याचे निर्दोष उत्तर मागणे मला अन्यायाचे वाटते.

मुरारकर

ग्वाल्हेरचे उदाहरण मनाला भिडते, पण ते इथे लागू पडत नाही. १८५८ मध्ये परका सत्ताधीश इथल्या माणसांकडून निष्ठा मागत होता. १८६५ मध्ये ज्यांनी माणसांची खरेदी-विक्री टिकवण्यासाठी बंड केले, त्यांना त्याच माणसांवर पुन्हा राज्य करू द्यायचे की नाही, हा प्रश्न होता. लष्करातल्या धान्यव्यापाऱ्याला आणि मिसिसिपीतल्या मळेवाल्याला एका रांगेत बसवू नका.

कठोर शपथेने प्रत्यक्ष काय साधले, तेही सांगतो. १८६७ च्या पुनर्रचनेच्या कायद्यांनुसार दक्षिणेत नव्या मतदारयाद्या तयार झाल्या आणि नोंदणी मंडळांच्या सदस्यांना १८६२ ची तीच कठोर शपथ घ्यावी लागली. ती प्रामाणिकपणे घेऊ शकणारे गोरे लोक अनेक ठिकाणी सापडेनात; म्हणून कालपर्यंत गुलाम असलेली माणसे त्या मंडळांवर बसली आणि मतदारांची नावे लिहू लागली. ही गोष्ट सौम्य शपथेने घडली नसती. तीन माणसे टेबलापाशी बसली आहेत, त्यातला एक कालचा गुलाम आहे, आणि समोर उभ्या असलेल्या मळेवाल्याचे नाव यादीत घ्यायचे की नाही हे तो ठरवतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मला त्यात सूड दिसत नाही.

थाटीपूरकर वकील

वकिलीत बरीच वर्षे गेल्यामुळे एका फरकाकडे लक्ष वेधतो. आपल्याकडे चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेतात तो पुढच्या काळासाठी असतो; मागच्या कृत्याला शिक्षा द्यायची तर खटला चालवावा लागतो. आपल्या राज्यघटनेचे कलम २०(१) हेच सांगते, की कृत्य घडताना जो कायदा अमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच दोषी ठरवता येते. मात्र पदासाठीची अपात्रता ही त्या अर्थाने शिक्षा मानली जात नाही, त्यामुळे मिलर यांच्या मतात तथ्य आहे असे मुरारकर म्हणतात ते बरोबर आहे.

तरीही आपल्या १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीचा अनुभव पाहा. संसद आणि विधानसभांच्या उमेदवारांनी देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडत्व राखण्याची शपथ घ्यावी अशी तरतूद तेव्हा आली. आदल्याच वर्षी द्रमुकचे नेते अण्णादुराई राज्यसभेत द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेतल्या वेगळ्या देशाची, मागणी करत होते. त्यांच्या पक्षाने ती मागणी सोडली, शपथ घेतली, आणि १९६७ मध्ये ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले. त्या शपथेत ‘मी कधीही वेगळ्या देशाची मागणी केलेली नाही’ असे एक वाक्य असते, तर तो माणूस आणि त्याच्यामागचे लाखो मतदार कायमचे बाहेर राहिले असते.

अमेरिकेत मला सर्वांत योग्य तोडगा चौदाव्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमात दिसतो. ज्यांनी आधी पदाधिकारी म्हणून राज्यघटनेची शपथ घेतली आणि नंतर बंड केले, एवढ्यांनाच पदासाठी अपात्र ठरवायचे. काँग्रेसला दोन तृतीयांश मतांनी ती अपात्रता दूर करता येईल. त्यात धर्मगुरू नाही, शिक्षक नाही, रिचमंडची नवरी नाही.

मुरारकर

वकीलसाहेब, द्रविडनाडूसाठी कोणी चार वर्षे युद्ध केले नव्हते आणि लाखो माणसे मेली नव्हती. आपण सुचवलेला तोडगाही १८७२ च्या माफीच्या कायद्याने बहुतेकांच्या बाबतीत उठवला गेला. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांना आधार देणारे सैन्य मागे घेतले गेले. १८६२ ची शपथ १८८४ मध्ये रद्द झाली. आणि १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना करून दोन डॉलरचा मतदान कर लावला, आणि मतदाराने घटनेतले कलम वाचून दाखवावे किंवा वाचून दाखवलेल्या कलमाचा अर्थ सांगावा अशी अट घातली. म्हणजे भूतकाळ विचारणारी शपथ गेल्यावर तपासणी थांबली नाहीच, ती फक्त कृष्णवर्णीयांकडे वळली. आपण तिघेही ज्या उदारपणाची बाजू घेता, त्याचा खर्च कोणी भरला हे तरी मान्य करा.

दाणाओळीकर

खर्च कोणी भरला हे मी मान्य करतो, आणि मनापासून करतो. पण तो खर्च टाळण्यासाठी मळ्यांची जमीन मुक्त झालेल्यांना द्यायला हवी होती, सैन्य तिथे आणखी एक पिढी ठेवायला हवे होते, आणि न्यू ऑर्लिन्सच्या त्या महापौरावर खटला चालवायला हवा होता. यातले एकही काम शपथेने होणारे नव्हते. १८९० च्या मिसिसिपीबद्दल आपण जे लिहिलेत ते माझ्याच बाजूचे आहे. मिसुरीत नोंदणी अधिकाऱ्याला शपथ घेतलेल्या माणसाचेही नाव नाकारण्याचा अधिकार होता. मिसिसिपीत घटनेचा अर्थ बरोबर सांगितला की नाही हे असाच एक कारकून ठरवत होता. टेबल तेच होते, खुर्चीवरचा माणूस बदलला होता. आपण ज्या कालच्या गुलामाला त्या खुर्चीवर बसलेले पाहून आनंदता, त्याच्या मुलाला पुढे त्याच टेबलासमोर उभे राहून परत जावे लागले, आणि तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला पाच विरुद्ध चार असे न्यायालयही उरले नव्हते.

शिंदेछावणीतली

मग पुढच्या बैठकीत जमिनीचा विषय घ्यावा असे मी मंडळाला सुचवते. संघराज्याचे जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला होता, आणि जॉन्सन यांनी त्याच वर्षी त्यातली बहुतेक जमीन माफी मिळालेल्या जुन्या मालकांना परत केली. शपथ घेऊन माफी, आणि माफीबरोबर जमीन परत, असा तो व्यवहार होता. मुरारकर दादा, तुम्ही याची तयारी करून आलात तर मला फार बरे वाटेल.