जुन्या पायविहिरीच्या भिंतींना सिमेंट लावावे का?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी ओढ्याकाठी घडीव दगडांची जुनी पायविहीर असून वरचे मोटेचे थारोळे (मोटेचे पाणी ओतले जाई तो दगडी हौद) अजून शाबूत आहे. या उन्हाळ्यात गाळ उपसून सांधे सिमेंटने भरावेत आणि शिलालेखाची अक्षरे ऑइलपेंटने रंगवावीत, असे बैठकीत ठरत आले आहे. सांध्यांतून आजही पाणी पाझरते, म्हणून मला शंका वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : आपली शंका रास्त आहे. पाझरणारे सांधे हा दोष नसून विहिरीत पाणी येण्याची ती एक वाट आहे. ती सिमेंटने बुजवली, तर पावसाळ्यात भिंतीमागे साठलेले पाणी दगडांना आत रेटते आणि काही वर्षांत भिंतीला फुगवटा येतो. पंप लावून एका दिवसात विहीर कोरडी करणेही याच कारणाने धोक्याचे आहे, कारण आतला पाण्याचा आधार जातो आणि मागचा दाब मात्र तसाच राहतो. निखळलेले दगड मूळ जागी बसवावेत. जिथे चुना होता तिथे चुनाच वापरावा. पिंपळाची मुळे ओढून काढू नयेत, त्यांच्याबरोबर दगडही निघतात.

उत्तर २ : आपल्याच जिल्ह्यातील लिंब गावची बारा मोटांची विहीर बैठकीतील मंडळींना एकदा दाखवा. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधल्याचे सांगतात. तिथलाही शिलालेख रंगाविना वाचता येतो. अंधारात बॅटरी कडेने तिरपी धरली की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. रंग मात्र दगडाच्या छिद्रांत शिरतो, मग अभ्यासासाठी कागदावर घेतला जाणारा ठसा नीट उमटत नाही. शिवाय विहीर १९६० च्या राज्य कायद्याखाली संरक्षित आहे का, हे पुरातत्त्व विभागाकडे आधी विचारावे. असल्यास परवानगीविना काहीच करता येणार नाही.

उत्तर ३ : थोडे विषयांतर, पण विहिरीपाशी फलक लावलात तर त्यावर नुसते ‘जुनी विहीर’ लिहू नका. शिल्पग्रंथांत, म्हणजे बांधकामावरील जुन्या ग्रंथांत, प्रवेशांच्या संख्येवरून पायविहिरींना नंदा, भद्रा, जया, विजया अशी नावे आहेत. एक प्रवेश असेल तर नंदा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. प्रवेश एकच आहे. सिमेंटचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा काढतो. रंगाचा डबा मात्र आणून झाला आहे, तो मंदिराच्या कठड्याला वापरू.