अनुभव धागा: पोरांना घेऊन जंगलाच्या कडेला एक दिवस

मोहफूल (भंडारा जिल्हा)

दिवाळीच्या सुट्ट्या आल्या की आमच्याकडे एकच विषय, पोरांना कुठं न्यायचं. सफारीचं बुकिंग, जिप्सी, गाईड सगळं जोडलं तर मोठ्या घराला झेपत नाही. पण आपल्याकडं जंगलाच्या कडेला निसर्ग परिचय केंद्रं आहेत, फुलपाखरू उद्यान आहे, तलाव आहेत, तिथं घरच्यांसोबत गेलेल्यांनी लिहा. वाघ दिसला की नाही ते शेवटी सांगा, आधी पोरांनी काय पाहिलं ते सांगा.

आम्ही नवेगावबांधला गेलो होतो, सासूबाईंना घेऊन. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या काठावरच बसल्या आणि लेकीनं विचारलं की आजी हा एवढा तलाव कोणी खोदला. मग त्यांनी जे सुरू केलं ना, कोलू पाटील कोहळींचं नाव, कोहळी लोक पाण्याचा उतार कसा ओळखायचे, पाळ कशी घालायचे, तलावाचं पाणी धानाला कसं फिरवायचे, त्या स्वतः लहानपणी पाळीवरून कशा शाळेत जायच्या. इतक्या वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हिवाळ्यात तिथं बाहेरून बदकं येतात ती पण दिसली, पण लेकीला आठवतं ते आजीचं बोलणं. येताना गोंदियाकडं एका धानाच्या बांधीत सारसाची जोडी होती, एक ओरडला की लगेच दुसरा साथ देतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच पक्षी हा, आणि महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदियाकडंच उरलाय. बांधीतच घरटं करतो, म्हणजे तो शेतकऱ्याच्याच भरवशावर आहे.

संत्रापट्टा (वरूड)

ताई, मी आगरझरीचं लिहितो. चंद्रपूरले माह्या साळीचं घर आहे, तिथून मोहर्लीच्या रस्त्यानं निघालं की आगरझरी लागते, ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या जंगलाच्या भोवतालच्या पट्ट्यात. फुलपाखरू उद्यान आहे अन् इरई धरणाच्या पाण्यात बोटिंग. बोटीत पोट्टे खूश झाले ते झालेच, पण खरी गोष्ट उद्यानात झाली. तिथल्या पोरानं कढीपत्त्याच्या पानावर अळी दाखवली, लहान असते तेव्हा ती पाखराच्या शिटेसारखी दिसते म्हणून पाखरं तिले खात नाहीत, मोठी झाली की हिरवीगार होते. आता आम्ही संत्रावाले, हे अळी आम्ही लहानपणापासून पाहून राह्यलो, नवीन कलमाईची कोवळी पानं फस्त करते अन् आम्ही फवारतो. पोरगी म्हणे, बाबा हे तर आपल्या वावरातली. व्हय म्हटलं, तेच. मग त्या पोरानं सांगतलं की २०१५ साली राज्याचं फुलपाखरू ठरलं ते ब्लू मॉर्मन, निळं-काळं मोठं, त्याची अळी बी लिंबाच्या जातीच्या झाडावरच वाढते.

घरी आल्यावर पोरीनं माह्याशी भांडून ठरवून घेतलं की बांधावरच्या कढीपत्त्यावर फवारा मारायचा नाही, कलमाईवरच्या अळ्या ती हातानं वेचून तिकडं नेऊन सोडते. नवीन कलमं थोडीच आहेत म्हणून जमते, बगीचा मोठा असता तर जमलं नसतं हे बी सांगतो. पण मले पटलं.

रानवाट (सिंदेवाही तालुका)

आमच्याकडे वाघ पाहायला पैसे भरून जायची गरज नाही, तो आमच्या शिवारात येतो. रागानं नाही लिहीत, जसं आहे तसं लिहितोय. मार्च-एप्रिलात मोहफूल रात्रीतून गळतं म्हणून पहाटेच वेचायला जावं लागतं आणि वेचताना माणूस वाकलेला असतो, तेव्हाच घात होतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एक काकू अशाच गेल्या. त्यानंतर माझा मुलगा दिवस मावळला की अंगणात पण निघेना.

त्याला ताडोब्याजवळच्या मोहर्लीच्या निसर्ग परिचय केंद्रात न्यायचं ठरवलं तर घरात विरोध, आई म्हणे ज्यानं माणूस नेला त्याचे फोटो पाहायला कशाला जाता. तरी गेलो. तिथं एक गाईड ताई भेटल्या, जंगलाकाठच्या गावातल्याच. त्यांनी पोराला भिऊ नको असं एकदाही म्हटलं नाही. भीती बरोबर आहे म्हणाल्या, मग मातीत बोटानं वाघाच्या पायाचा ठसा काढला, नराचा चौकोनी, मादीचा जरा लांबट, आणि वाघाच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. वानर झाडावरून खेकसायला लागले, चितळ ओरडायला लागलं की आहे तिथंच थांबायचं, एकटं जायचं नाही, आपसात बोलत जायचं, झुडपात वाकून बसायचं नाही. पोरानं सगळं पाठ केलं. आता शाळेच्या वाटेवर मातीत पाहत जातो आणि घरी येऊन आजीला सांगतो की आज फक्त कुत्र्याचेच होते. अंगणात खेळतो. भीती गेली असं मी म्हणणार नाही, जायला पण नको. काकूंच्या घरी हा विषय आम्ही काढत नाही.

असं केंद्र खरं तर आमच्यासारख्या गावांतल्या प्रत्येक शाळेनं एकदा दाखवावं, पर्यटकांच्या आधी.

सिपनाकाठ (धारणी)

रानवाट भाऊ, तुम्ही लिहिलं ते आमच्या मास्तरायले वाचून दाखवतो.

आम्ही मेळघाटातल्या सेमाडोहले जातो, परतवाडा-धारणी रस्त्यावरच आहे, केंद्र पाहून झालं की सिपनेवर पोराईचे पाय पाण्यात. मेळघाट म्हणजे १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पातला, पण आमचा मान रानपिंगळ्याचा. शंभरावर वर्षं या घुबडाचा पत्ताच नव्हता, १९९७ साली नंदुरबारकडं पुन्हा सापडलं, मग मेळघाटातही. दिवसा बाहेर असते म्हणून पोराईले शोधता येते. आम्हाले अजून दिसलं नाही, तरी पोरं दर वेळेस सागाच्या शेंड्यावर नजर लावून असतात.

धानाचीपेंढी (रामटेक)

पेंचमध्ये सिल्लारीकडं रात्रीचं आकाश पहा. २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं जंगल, म्हणून पेंचला मान मिळाला, त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून लावले. अमावस्येच्या आसपास जा, चंद्राच्या उजेडात मजा नाही.

मोहफूल

सगळ्यांचे खूप आभार. रानवाट भाऊ, त्या गाईड ताईंना आमचा नमस्कार सांगा.

नवीन जाणाऱ्यांसाठी एवढं: ताडोबा मंगळवारी बंद असतो आणि कोअर म्हणजे आतलं जंगल १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, त्यामुळं निघायच्या आधी आपल्याला जिथं जायचं तिथं फोन करून विचारा. भाकरी-चटणी घरून न्या, कॅरीबॅग नेऊ नका. आणि गोंदिया, गडचिरोलीकडच्या कोणी कमलापूरच्या हत्ती कॅम्पला पोरांना नेलं असेल तर लिहा, आमचा पुढचा विचार तिकडचाच आहे.