सीएनसी शॉपमधील कायझेनसाठी सॉफ्टवेअर घ्यावे का?

प्रश्न:
भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांचे टर्निंग (धातू फिरवत कापून घडवणे) सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, मशीनवर दोन पाळ्यांत चालते. सूचनापेटीत सुरुवातीला भरपूर कायझेन (कामातील छोट्या सुधारणांच्या सूचना) येत असत. आता मात्र ग्राहकाचे ऑडिट तोंडावर आले की तेवढ्यापुरते फॉर्म भरले जातात. ओईई (उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांच्या गुणाकारातून येणारी मशीनची एकूण परिणामकारकता) आम्ही एक्सेलमध्ये काढतो. मशीनचे थांबे आपोआप नोंदवणारे आणि कायझेनचा पाठपुरावा ठेवणारे सॉफ्टवेअर घेतल्यास फरक पडेल का?

उत्तर १:
फॉर्म आटले असतील तर आधी जुन्या फॉर्मांचे काय झाले ते पाहावे. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत 1951 मध्ये सुरू केली, तेव्हा संगणकाचा प्रश्नच नव्हता. मशीनजवळच्या फळ्यावर सूचना, ती कोणाकडे आहे आणि कधीपर्यंत होणार एवढे लिहावे. नाकारली असल्यास कारणही तिथेच लिहावे. हे जमत नसेल, तर सॉफ्टवेअरमध्ये प्रलंबित सूचनांची यादीच तेवढी वाढेल.

उत्तर २:
ओईईचा एकच आकडा फसवा असतो. उपलब्धता 90, वेग 95 आणि गुणवत्ता 99 टक्के धरली, तरी गुणाकार 85 टक्क्यांच्या आसपासच येतो. त्यामुळे गळती नेमकी कुठे आहे, हे तिन्ही घटक सुटे पाहिल्याशिवाय कळत नाही. वेगवेगळे जॉब आलटून-पालटून करणाऱ्या जॉबशॉपमध्ये ती बहुधा सेटअपमध्ये, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्यात, सापडते. जुन्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या जॉबच्या पहिल्या मंजूर नगापर्यंतचे चित्रीकरण करून ते ऑपरेटरबरोबरच बसून पाहावे. सॉफ्ट जॉ (नग पकडणारे, त्याच्या आकारानुसार कापलेले जबडे) शोधणे, टूलरूमच्या फेऱ्या, पहिला नग तपासून मिळेपर्यंतची वाट, यांपैकी बरेचसे मशीन चालू असतानाच उरकता येते. शिगेओ शिंगो यांनी सेटअप दहा मिनिटांच्या आत आणण्यासाठी मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे, आणि त्यासाठी मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

उत्तर ३:
वरील दोन्ही मते मान्य असली, तरी बार फीडर (मशीनला सळई पुरवणारे यंत्र) अडकणे किंवा टूलला चिप गुंडाळणे असे मिनिटभराचे थांबे हाताने कोणीही लिहीत नाही, आणि तिथे मशीनचा सिग्नल उपयोगी पडतो. जुन्या मशीनवर तो टॉवर लॅम्पवरूनही (मशीनची स्थिती दाखवणारे रंगीत दिवे) घेता येतो. अर्थात मशीन थांबले एवढेच सिग्नल सांगतो. का थांबले, ते ऑपरेटरलाच निवडावे लागते. म्हणून कारणे आठ-दहाच ठेवावीत. त्या नोंदींवरून कोणाचा इन्सेंटिव्ह कापला गेला, तर पुढच्या पाळीपासून सगळे थांबे ‘इतर’ या सदरात जाऊन बसतील. सगळा शॉप एकदम जोडण्यापेक्षा सर्वाधिक अडणाऱ्या एकाच मशीनवर आधी चाचणी मागावी.